सिलिकॉन बॅटरी: क्षमता दहापट, पण टिकते किती? पैसे गुंतवण्याआधी हे समजून घ्या



बॅटरी पॅक असेंब्ली, ई-बाइक रिपेअर, सोलर लाइट, ड्रोन सर्व्हिस यापैकी कुठल्याही लाइनमध्ये उतरायचा विचार करत असाल, तर "सिलिकॉन" हा शब्द तुमच्या कानावर आलाच असेल. सप्लायर म्हणतो, "सर, हे सिलिकॉन-कार्बन सेल आहेत, एकदम नवीन टेक्नॉलॉजी." मोबाइलच्या जाहिरातीतही हाच शब्द असतो. आणि कुठेतरी वाचायला मिळतं की सिलिकॉनची क्षमता ग्रॅफाइटच्या दहापट आहे.

ऐकायला भारी वाटतं. पण तुम्ही ग्राहकाला दोन-तीन वर्षांची वॉरंटी लिहून देणार असाल, तर सेलमध्ये "किती मावतं" यापेक्षा "किती वेळा मावतं" हा प्रश्न तुमच्या खिशाच्या जास्त जवळचा आहे. सिलिकॉनची खरी अडचण टिकण्याची आहे. जगभरातले इंजिनिअर गेली अनेक वर्षं तिच्यावरच काम करत आहेत.

व्हिडिओत हा विषय धावता घेतला होता. इथे नीट, हिशोबासकट बघूया. केमिस्ट्रीची डिग्री लागणार नाही, काळजी करू नका.

आधी दोन गैरसमज दूर करूया

पहिला. खिडकीच्या फटीत भरतो ते सिलिकॉन सीलंट वेगळं आणि बॅटरीतलं सिलिकॉन वेगळं. सीलंट रबरासारखं असतं. बॅटरीतलं सिलिकॉन म्हणजे कॉम्प्युटर चिप आणि सोलर पॅनलमध्ये असतं ते मूलद्रव्य, कडक आणि ठिसूळ. मराठीत दोन्ही सारखंच लिहितो म्हणून घोळ होतो.

दुसरा. "एलएफपी घेऊ की सिलिकॉन?" ही तुलनाच चुकीची आहे. सेलला दोन बाजू असतात. धन बाजू म्हणजे कॅथोड, ऋण बाजू म्हणजे ॲनोड. एलएफपी, एनएमसी ही नावं धन बाजूच्या मटेरियलची आहेत. सिलिकॉन येतं ऋण बाजूला, ग्रॅफाइटच्या जागी किंवा ग्रॅफाइटसोबत.

सिलिकॉनच्या मागे सगळे का लागलेत?

लिथियम-आयन सेल चार्ज होताना लिथियम धन बाजूकडून ऋण बाजूकडे जातं, वापरताना परत येतं. बस, एवढाच खेळ. ऋण बाजू म्हणजे लिथियमला मुक्कामाची जागा, असं समजा.

१९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून या जागेवर कार्बनचं राज्य आहे. आज तो कार्बन बहुतेक ठिकाणी ग्रॅफाइटच्या रूपात असतो. ग्रॅफाइटमध्ये ६ कार्बन अणू मिळून १ लिथियम ठेवतात. म्हणजे १ ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये जास्तीत जास्त ३७२ एमएएच.

सिलिकॉनचा १ अणू साध्या तापमानाला ३.७५ लिथियम सामावतो. १ ग्रॅममध्ये सुमारे ३,५७९ एमएएच. जवळपास दहापट. शिवाय सिलिकॉन वाळूत असतं, त्याचा तुटवडा नाही.

पण थांबा. ॲनोड दहापट झाला म्हणून बॅटरी दहापट होत नाही. हे गणित सप्लायर कधीच सांगत नाही, म्हणून आपण करूया.

समजा धन बाजूचं मटेरियल १ ग्रॅमला २०० एमएएच देतं. दोन्ही बाजूंचं वजन एकत्र धरून हिशोब केला, तर:

- ॲनोड ३७२ चा (ग्रॅफाइट): दोन्ही मिळून १ ग्रॅमला सुमारे १३० एमएएच
- ॲनोड १,००० चा (सिलिकॉन आणि कार्बनचं मिश्रण): सुमारे १६७ एमएएच
- ॲनोड ३,५७९ चा (शुद्ध सिलिकॉन): सुमारे १८९ एमएएच

बघितलंत? शुद्ध सिलिकॉन वापरूनही वाढ ४५ टक्क्यांच्या आसपास. त्यात तांब्याचं फॉइल, डबी, इलेक्ट्रोलाइट यांचं वजन धरलं की ती अजून खाली येते. आणि १,००० एमएएचच्या मिश्रणातच निम्म्याहून जास्त फायदा मिळून जातो. म्हणून बाजारातल्या "सिलिकॉन बॅटरी" बहुतेक वेळा पूर्ण सिलिकॉनच्या नसतात, मिश्रणाच्या असतात. ही फसवणूक नाही, शहाणपणाची तडजोड आहे. पण ती तडजोड आहे हे तुम्हाला माहीत हवं.

खरी अडचण: फुगणं आणि आकसणं

ग्रॅफाइट चार्ज होताना साधारण १० टक्के फुगतं. सिलिकॉन पूर्ण भरलं की त्याचं आकारमान सुमारे ३०० टक्क्यांनी वाढतं, म्हणजे मूळच्या जवळपास चारपट होतं. डिस्चार्ज झालं की परत आकसतं. पुन्हा चार्ज, पुन्हा चारपट.

काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन-चार वर्षांत भिंतीला तडे जातात. सिलिकॉनमध्ये असा पावसाळा-उन्हाळा प्रत्येक चार्जिंगला होतो.

यातून तीन नुकसानं होतात.

पहिलं नुकसान: कण फुटतो. सिलिकॉन ठिसूळ आहे. ताण सहन झाला नाही की तडा जातो आणि कणाचे तुकडे होतात.

दुसरं नुकसान: संपर्क तुटतो. ॲनोडचं मटेरियल तांब्याच्या पातळ फॉइलवर लेपासारखं लावलेलं असतं. कण फुगून-आकसून एकमेकांपासून सुटतात, लेप फॉइलवरून निघतो. सुटलेला तुकडा सेलच्या आतच असतो, पण त्याच्यापर्यंत करंट पोहोचत नाही. गोडाऊनमध्ये माल पडून आहे पण रस्ता बंद, तशी अवस्था.

तिसरं नुकसान, आणि हेच सगळ्यात महाग: लिथियम खर्ची पडतं. पहिल्या चार्जिंगला ॲनोडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटपासून एक पातळ थर तयार होतो. दुधावर साय धरते ना, तसा. हा थर बनायलाच हवा, कारण तो पुढची झीज थांबवतो. ग्रॅफाइटवर तो एकदा बसला की बऱ्यापैकी स्थिर राहतो. सिलिकॉनवर मात्र फुगण्यामुळे तो फाटतो. आतला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर नवी साय धरते. ती पुन्हा फाटते. प्रत्येक वेळी थोडं लिथियम आणि थोडं इलेक्ट्रोलाइट कायमचं अडकतं.

सेलमधलं लिथियम म्हणजे त्या सेलचं खेळतं भांडवल. ते ठरावीकच असतं. रोज थोडं भांडवल अशा ठिकाणी गुंतलं की जे परत येत नाही, तर दुकान कितीही मोठं असलं तरी धंदा आटतो.

९९ टक्के चांगले की वाईट?

परीक्षेत ९९ टक्के म्हणजे पेढे वाटायचे. बॅटरीत ९९ टक्के म्हणजे नापास!

चार्ज करताना टाकलेल्यापैकी किती परत मिळालं, याला इंजिनिअर कार्यक्षमतेचं प्रमाण म्हणतात. समजा प्रत्येक सायकलला होणारा तोटा कायमचाच आहे आणि सेलमध्ये लिथियमचा वेगळा साठा नाही. मग क्षमता ८० टक्क्यांवर यायला किती सायकल लागतील?

- प्रत्येक सायकलला ९९% परत मिळालं: सुमारे २२ सायकल
- ९९.५%: सुमारे ४४ सायकल
- ९९.९%: सुमारे २२३ सायकल
- ९९.९८%: सुमारे १,११५ सायकल

९९.९ आणि ९९.९८ यात फरक दिसायला किती छोटा! पण एक बॅटरी एका वर्षाच्या आत परत येते आणि दुसरी तीन वर्षं चालते. सिलिकॉन टिकवण्याची सगळी धडपड या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांसाठी चालली आहे.

टिकाऊपणा वाढवायचे सात मार्ग, आणि प्रत्येकाची किंमत

यातला कुठलाच उपाय फुकट नाही. म्हणून प्रत्येकाच्या पुढे त्याची किंमतही बघूया.

१. कण बारीक करणं. मोठं ढेकूळ फुटतं, बारीक कण तग धरतो. सिलिकॉनचा कण साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर पहिल्या चार्जिंगला फुगूनही तो तडकत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात यी क्वी यांच्या गटाने सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा वापरून हाच मार्ग दाखवला आणि या क्षेत्राला मोठा धक्का मिळाला. किंमत: कण बारीक झाले की एकूण पृष्ठभाग प्रचंड वाढतो. पृष्ठभाग जास्त, म्हणजे साय जास्त, म्हणजे लिथियमचा खर्च जास्त. शिवाय अशी पावडर बनवणं महाग.

२. मिसळ करणं. बहुतेक ग्रॅफाइट आणि थोडं सिलिकॉन. टेस्लाने २०१५ साली मॉडेल एसच्या बॅटरीत थोडं सिलिकॉन आणत असल्याचं जाहीर केलं होतं, ते याच धर्तीवर. अनेकदा शुद्ध सिलिकॉनऐवजी सिलिकॉन ऑक्साइड वापरतात. ते कमी फुगतं, कारण त्यातल्या ऑक्सिजनशी लिथियमचा संयोग होऊन गादीसारखा आधार तयार होतो. किंमत: तो आधार तयार होताना पहिल्याच चार्जिंगला बरंच लिथियम कायमचं जातं.

३. कार्बनच्या पिंजऱ्यात ठेवणं. आज "सिलिकॉन-कार्बन" म्हणून जे गाजतंय ते बहुतांशी हे. आधी स्पंजसारखा छिद्रं असलेला कार्बन बनवायचा, मग त्या छिद्रांत सायलेन नावाच्या वायूपासून सिलिकॉन जमवायचं, आणि थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवायची. सिलिकॉन आत फुगतं, बाहेरचा कण फारसा हलत नाही, त्यामुळे वरची साय फाटत नाही. अमेरिकेतल्या ग्रुप१४ आणि सिला या या क्षेत्रातल्या ओळखीच्या कंपन्या. सिला २०११ साली सुरू झाली आणि तिचं मटेरियल असलेलं पहिलं उत्पादन, व्हूप कंपनीचा फिटनेस बँड, २०२१ साली बाजारात आलं. मध्ये दहा वर्षं गेली, लक्षात ठेवा. २०२३ साली चीनमध्ये ऑनरने सिलिकॉन-कार्बन बॅटरीचा मोबाइल आणला. २०२५ च्या सुरुवातीला भारतात आलेल्या वनप्लस १३ मध्येही ६,००० एमएएचची अशीच बॅटरी होती. किंमत: सायलेन वायू हवेशी संपर्क आला की आपोआप पेट घेऊ शकतो. त्याचा प्लांट म्हणजे मोठं भांडवल आणि कडक सुरक्षा.

४. चांगला "डिंक" वापरणं. कण एकमेकांना आणि फॉइलला धरून ठेवायला बाइंडर लागतो. डिंकाच्या लाडवात डिंक-पाक कमी पडला तर लाडू फुटतो, तसंच. जुना बाइंडर सिलिकॉनच्या फुगण्यापुढे टिकत नाही. म्हणून सीएमसी, एसबीआर, पॉलिॲक्रिलिक ॲसिड असे घट्ट धरणारे किंवा लवचिक बाइंडर आले. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट वापरून चांगला परिणाम दाखवला. २०१७ साली दक्षिण कोरियातल्या गटाने रेणूंच्या पातळीवर कप्पीसारखा सरकणारा, ताण वाटून घेणारा बाइंडर दाखवला. किंमत: बाइंडर स्वतः वीज साठवत नाही. जास्त घातला तर क्षमता कमी.

५. इलेक्ट्रोलाइटमध्ये पूरक घालणं. एफईसी नावाचं एक रसायन थोडं घातलं की साय जास्त मजबूत बनते. सिलिकॉनच्या सेलमध्ये ते खूप वापरलं जातं. किंमत: ते हळूहळू संपतं. आणि संपलं की सेल झपाट्याने खाली येऊ शकतो.

६. आगाऊ लिथियम देणं. पहिल्या सायकलला तोटा होणारच आहे, तर सुरुवातीलाच ॲनोडमध्ये जादा लिथियम भरून ठेवायचं. धंद्यात पहिल्या सहा महिन्यांचा तोटा धरून जादा भांडवल ठेवतो ना, तेच. किंमत: लिथियम ओलाव्याशी लगेच रिॲक्शन करतं, त्यामुळे अत्यंत कोरडी खोली आणि महागडी यंत्रणा लागते.

७. वापरावर लगाम घालणं. सिलिकॉनला पूर्ण भरायचंही नाही आणि पूर्ण रिकामंही करायचं नाही. फुगणं-आकसणं कमी झालं की तडे कमी. किंमत: विकत घेतलेली थोडी क्षमता वापरायची नाही.

पहिले सहा मार्ग सेल बनवणाऱ्या कंपनीच्या हातात आहेत. सातवा तुमच्या हातात आहे. म्हणून त्यावर थोडं जास्त बोलूया.

पॅक बनवणाऱ्याच्या हातात काय आहे?

डिस्चार्ज लवकर थांबवा. ग्रॅफाइट आणि सिलिकॉन एकत्र असलेल्या सेलमध्ये डिस्चार्ज करताना ग्रॅफाइट आधी काम करतं आणि सिलिकॉन मुख्यतः शेवटी, म्हणजे बॅटरी तळाला आल्यावर. त्यामुळे रोज तळापर्यंत खेचलेली बॅटरी सिलिकॉनला सगळ्यात जास्त झिजवते. डेटाशीटमध्ये किमान २.५ व्होल्ट लिहिलं असेल, तर बीएमएसमध्ये कटऑफ ३.० व्होल्टच्या आसपास ठेवून बघा. थोडी रेंज कमी होईल, पण आयुष्य वाढायला मदत होईल. ग्राहकालाही साध्या शब्दांत सांगा: "दादा, शेवटचा दांडा येईपर्यंत वाट बघू नका, आधीच चार्जिंगला लावा."

उष्णता टाळा. उन्हात गाडी, पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग, विदर्भातला मे महिना... गरमीत साय बनण्याची क्रिया वेगाने होते. पॅकमध्ये हवा खेळायला जागा द्या, चार्जरचा करंट गरजेपुरताच ठेवा.

फुगायला जागा, पण दाबासह. पाऊच सेल म्हणजे पिशवीसारखे चपटे सेल वापरत असाल, तर सेल कंपनीने सांगितलेला दाब आणि जागा पाळा. एकदम सैल ठेवले तर आतले थर सुटतात. घट्ट ठोकून बसवले तर फुगणारा सेल केस फोडतो. इथे अंदाजपंचे चालत नाही.

नुसतं ठेवूनही झीज होते. बॅटरीचं आयुष्य दोन प्रकारचं असतं. एक सायकलचं, म्हणजे किती वेळा चार्ज-डिस्चार्ज. दुसरं कॅलेंडरचं, म्हणजे न वापरता किती वर्षं. सिलिकॉनवरची साय ठेवल्या जागीही पूर्ण स्थिर नसते, त्यामुळे कॅलेंडरचं आयुष्य हा त्याचा खास कच्चा दुवा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने याच प्रश्नावर प्रयोगशाळांचा एकत्रित कार्यक्रम चालवला. तुमच्यासाठी याचा अर्थ: स्वस्त मिळतात म्हणून वर्षभराचा स्टॉक भरून ठेवू नका, आणि ठेवायचेच तर साधारण अर्धे चार्ज करून थंड जागी ठेवा.

आता हिशोब: वॉरंटी कुठे बुडवते

खालचे आकडे समजून घेण्यासाठी घेतलेले आहेत, बाजारभाव नाहीत. तुम्ही तुमच्या कोटेशनचे आकडे घालून हेच करा.

पॅक अ (ग्रॅफाइट): किंमत २०,००० रुपये, क्षमता १ युनिट, ८० टक्क्यांपर्यंत १,००० सायकल.

पॅक ब (सिलिकॉनचं मिश्रण): त्याच आकाराचा, किंमत २४,००० रुपये, क्षमता १.२५ युनिट, ८० टक्क्यांपर्यंत ५०० सायकल.

क्षमता १०० वरून ८० टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणून सरासरी ९० टक्के धरू.

- पॅक अ आयुष्यभरात देतो: १ × १,००० × ०.९ = ९०० युनिट. एका युनिटला २२ रुपये.
- पॅक ब देतो: १.२५ × ५०० × ०.९ = ५६२ युनिट. एका युनिटला जवळपास ४३ रुपये.

डिलिव्हरी करणारा ग्राहक रोज १ युनिट वापरतो आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालवतो असं धरा. त्याचा पॅक अ तीन वर्षं जाईल. पॅक ब दोन वर्षांच्या आतच ८० टक्क्यांवर येईल. तुम्ही तीन वर्षांची वॉरंटी दिली असेल, तर दुसरा पॅक तुमच्या खिशातून जाणार. असे पन्नास पॅक विकले असतील तर? नफा सोडा, भांडवल जाईल.

मग पॅक ब वाईट का? अजिबात नाही. ड्रोनवाल्याला विचारा. त्याला प्रत्येक ग्रॅम महत्त्वाचा, कारण हलकी बॅटरी म्हणजे हवेत जास्त वेळ. मोबाइल आणि घड्याळात जागाच नसते. तिथे ग्राहक कमी सायकल स्वीकारून जास्त पैसे द्यायला तयार असतो. याउलट सोलरचा घरगुती पॅक भिंतीला टांगलेला असतो. तो दोन किलो जड असला तरी कुणाला फरक पडत नाही, पण तो अनेक वर्षं चालला पाहिजे.

म्हणजे प्रश्न "सिलिकॉन चांगलं की वाईट" असा नाहीच. माझा ग्राहक वजन आणि जागेसाठी पैसे देतोय की वर्षांसाठी, हा प्रश्न आहे.

सप्लायरला विचारायचे सात प्रश्न

हे लिहून घ्या, फोनवर बोलताना समोर ठेवा.

१. ॲनोडमध्ये नेमकं काय आहे? सिलिकॉन ऑक्साइडचं मिश्रण की सिलिकॉन-कार्बन?

२. सायकल लाइफ किती टक्क्यांपर्यंत मोजली आहे? "८०० सायकल" हे ८० टक्क्यांपर्यंत की ६० टक्क्यांपर्यंत? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

३. किती करंटवर मोजली आहे? पाच तासांत हळूहळू रिकामा केलेला सेल आणि तासाभरात रिकामा केलेला सेल, दोघांचं आयुष्य सारखं नसतं.

४. किती तापमानाला? २५ अंशांचा आकडा सगळे देतात. ४५ अंशांचा मागा.

५. कुठल्या व्होल्टेजपासून कुठल्या व्होल्टेजपर्यंत? वापरावर लगाम घालून मोजलेला आकडा पूर्ण क्षमतेच्या शेजारी छापलेला असेल तर सावध.

६. न वापरता सहा महिने, वर्षभर ठेवल्यावर किती क्षमता उरते?

७. आयुष्याच्या शेवटी सेल किती जाड होतो?

उत्तर "सर, टेन्शन घेऊ नका, बेस्ट क्वालिटी आहे" असं आलं, तर तेही एक उत्तरच आहे. काय समजायचं ते समजा.

आणि स्वतः टेस्ट करा. एका लॉटमधले चार-पाच सेल घ्या आणि तुमच्या खऱ्या लोडवर चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या टेस्टरवर लावा. दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज आणि मध्ये थोडी विश्रांती धरली तर दिवसाला पाच सायकल होतात, १०० सायकल २० दिवसांत. दर दहा सायकलला क्षमता लिहून ठेवा. एक सावधगिरी: ग्राफ सरळ रेषेत जात नाही. सुरुवातीला घसरून नंतर स्थिरावू शकतो, किंवा बराच काळ छान चालून अचानक कोसळूही शकतो. त्यामुळे १०० सायकलच्या जोरावर १,००० ची वॉरंटी देऊ नका. पण खराब लॉट पकडायला ही टेस्ट पुरेशी कामाची आहे.

छोट्या उद्योजकाला संधी कुठे, कुठे नाही?

"सर, भाताच्या तुसापासून सिलिकॉन बनतं म्हणे, आपण प्लांट टाकूया का?" असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. गोष्ट खरी आहे. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असतो. २०१३ साली अमेरिकेतल्या आणि दक्षिण कोरियातल्या वेगवेगळ्या गटांनी तुसापासून बॅटरीचं सिलिकॉन बनवून दाखवलं. आपल्याकडे भंडारा-गोंदियात राइस मिल आहेत, तुसाची कमी नाही. पण तूस ते बॅटरी या रस्त्यात ॲसिडने धुणं, मॅग्नेशियमसोबत तापवणं, शुद्धता राखणं आणि मग सेल कंपनीची दीर्घ तपासणी पास होणं एवढं सगळं येतं. प्रयोगशाळेत जमलं म्हणजे शेडमध्ये परवडलं असं नाही. सायलेन वायूच्या कामाचा तर विचारही करू नका.

संधी दुसरीकडे आहेत. योग्य ग्राहकासाठी योग्य पॅक डिझाइन करणं. सेल टेस्टिंग आणि ग्रेडिंगची सेवा देणं, कारण गावोगावी पॅक बनवणारे आहेत पण टेस्ट करणारे कमी. ड्रोन बॅटरीची देखभाल आणि आयुष्याची नोंद ठेवणारी सर्व्हिस. या कामांना कोट्यवधी लागत नाहीत, समज लागते. आणि ती समज तुम्ही आत्ता घेताय.

नियम मात्र विसरू नका. सेल आणि पोर्टेबल बॅटरीला बीआयएसची नोंदणी लागते, मानक आयएस १६०४६. नोंदणी लागणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरीला एआयएस-१५६ लागू आहे. २०२२ मधल्या आगीच्या घटनांनंतर ते अजून कडक झालं. पुण्यातल्या एआरएआयमध्ये अशा चाचण्या होतात. आणि सेल बदलला, म्हणजे ग्रॅफाइटच्या जागी सिलिकॉनचा आणला, तर "पॅक तोच आहे" असं गृहीत धरू नका. पुन्हा तपासणी लागेल का, हे आधी विचारून घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सिलिकॉन दहापट लिथियम ठेवतं, पण पूर्ण बॅटरीत फायदा त्याहून खूप कमी.
- ते चारपट फुगतं. त्यातून तडे, तुटलेला संपर्क आणि वाया जाणारं लिथियम.
- टिकाऊपणाचे उपाय आहेत आणि ते चालतात, पण प्रत्येकाची किंमत कुणीतरी मोजतं.
- तळापर्यंत डिस्चार्ज आणि उष्णता टाळणं तुमच्या हातात आहे.
- वॉरंटी देण्याआधी आयुष्यभरात एका युनिटला किती रुपये पडतात ते काढा.

या आठवड्याचं काम: तुमच्याकडे असलेलं किंवा सप्लायरने पाठवलेलं एक सेलचं डेटाशीट उघडा आणि वरच्या सात प्रश्नांपैकी कितींची उत्तरं त्यात मिळतात ते मोजा. चारपेक्षा कमी मिळाली तर ऑर्डर देण्याआधी फोन लावा.

तुमच्या पॅकचे आकडे घालून हिशोब अडला तर कमेंटमध्ये लिहा, आपण मिळून सोडवू. भेटूया पुढच्या व्हिडिओत!